शेल्फवरचे पाच जुने गेम्स : आवड, आठवण आणि पुरावा

व्हिडिओ गेम्सवर पीएचडी करतेय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “मग तुझा आवडता गेम कोणता?” गप्पांमध्ये याचं उत्तर देणं सोपं आहे. रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की मात्र हाच प्रश्न अडचणीत आणतो. आणि तो फक्त गेम्सवाल्यांचा प्रश्न नाही. तुमच्यापैकी कुणी सिनेमाच्या पोस्टर्सवर, कुणी दिवाळी अंकांवर, कुणी तमाशावर काम करायचं ठरवलेलं असेल. विषय आवडतो म्हणूनच आपण तो घेतो. मग गाईडसमोर बसलं की पहिला आक्षेप तिथेच येतो : “आवडतं ते ठीक आहे, पण यात प्रश्न काय? आणि पुरावा काय?”

आज माझ्या शेल्फवरच्या पाच वस्तू घेऊन या आक्षेपाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते. जुन्या गेम्सच्या ‘टॉप टेन’ याद्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत बहुतेक वेळा तीन गोष्टींची सरमिसळ झालेली असते : हातात धरता येते ती वस्तू, त्या वस्तूत साठवलेली कलाकृती (म्हणजे प्रत्यक्ष गेम), आणि ती खेळल्याची आठवण. ‘कॉन्ट्रा भारी होता’ असं कुणी म्हणालं तर या तिन्हींपैकी नेमकं काय भारी होतं? प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारून बघू.

१. पिवळी कॅसेट : ‘९९९९९९ इन १’

सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, पिवळ्या प्लास्टिकची. प्रबंधात मी ‘कार्ट्रिज’ लिहिते, पण घरी आणि दुकानात सगळे ‘कॅसेट’च म्हणायचे. हा शब्द नोंदवून ठेवणं हासुद्धा कामाचा भाग आहे.

थोडी पार्श्वभूमी. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. १९८५ मध्ये तोच वेगळ्या रूपात ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेला. जपानी मशीनची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी मशीनची ७२ पिनांची. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलं जाणारं यंत्र बहुतेक वेळा या दोन्हींपैकी एकही नव्हतं. ती फॅमिकॉमची नक्कल होती. लिटल मास्टर, पुढे मिताशी अशी नावं तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकली असतील.

आता गेम म्हणून ही कॅसेट कशी आहे? आकडा खोटा आहे, हे लहान मुलांनाही कळायचं. मेन्यूत खाली खाली जात राहिलं की तेच ते गेम्स परत येतात. कधी नाव बदललेलं असतं, कधी जास्त जीव मिळालेले असतात, कधी खेळ थेट पुढच्या लेव्हलपासून सुरू होतो. पण थोडं थांबा. दुसऱ्याचा गेम उघडून त्यात फेरफार करणारं, मेन्यू लिहिणारं, त्याला संगीत लावणारं कुणीतरी होतंच ना? त्या माणसाचं नाव कुठेही नाही. कॅसेटवर तारीख नाही, सोबत पुस्तिका नाही. उघडली तर नंबर छापलेल्या चिपच्या जागी इपॉक्सीचा काळा थेंब. म्हणजे तुमच्या हातात एक प्राथमिक साधन आहे, पण त्याचा कर्ता, काळ आणि स्थळ तिन्ही गायब.

मग काळ कसा ठरवायचा? मेन्यूतले सगळे गेम्स उतरवून काढायचे आणि त्यांतला सगळ्यात नवा कोणता ते शोधायचं. तो १९९० चा असेल, तर कॅसेट १९९० च्या आधीची असू शकत नाही. नंतरची कितीही असू शकते. ताम्रपट किंवा नाणी तपासणारे लोक याच पद्धतीने विचार करतात.

आणि ती फुंकर! कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. चालायची! गावोगावच्या मुलांनी हा ‘प्रयोग’ हजारदा केला आणि निष्कर्ष काढला की फुंकर लागू पडते. पण यात दोन क्रिया एकत्र होत्या : फुंकर मारणं आणि काढून परत लावणं. परत लावताना पिना एकमेकींवर घासल्या जातात, संपर्क सुधारतो. तोंडातल्या वाफेने उलट कालांतराने पिनांना गंजच चढायचा. न फुंकता परत लावून बघणारा गट कुणी ठेवलाच नव्हता. संशोधन पद्धतीच्या पेपरला ‘कंट्रोल ग्रुप’वर टीप आली तर हे उदाहरण बिनधास्त लिहा.

२. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५)

मारिओ चांगला गेम आहे हे सांगायला समीक्षक लागत नाही. का चांगला आहे, हे सांगायला लागतो.

पहिल्या लेव्हलचा पहिला अर्धा मिनिट आठवा. एक शब्दही न लिहिता गेम तुम्हाला शिकवतो. मारिओ डावीकडे उभा आहे, उजवीकडे मोकळी जागा आहे, म्हणून तुम्ही उजवीकडे जाता. समोरून पहिला शत्रू येतो, तुम्ही उडी मारता. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं आपटतं, मशरूम बाहेर पडतो, उजवीकडे घरंगळत जातो, पाइपला धडकतो आणि उलटा तुमच्याकडेच येतो. घाबरून उडी मारलीत तरी वरचे ठोकळे आड येतात. म्हणजे तो चांगला आहे हे तुम्हाला कळावं, याची सोय रचनेतच केलेली आहे. शिकवणं आणि खेळणं यांच्यातली शिवण इतकी कमी दिसणारं काम मी फार थोडं पाहिलंय.

हे सगळं फक्त ४० किलोबाइटमध्ये : ३२ प्रोग्रॅमसाठी, ८ चित्रांसाठी. म्हणून ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच आहे, फक्त रंग बदललाय. कमी जागेतून शैली कशी तयार होते, यावर आख्खं प्रकरण लिहिता येईल.

पण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तिशी-पस्तिशीतली अनेक माणसं एम्युलेटरवर मारिओ खेळतात आणि म्हणतात, “हा जरा फास्ट वाटतोय. लहानपणी असा नव्हता.” आपण लगेच म्हणतो, आठवणी फसव्या असतात, तेव्हा वय लहान होतं वगैरे. इथे घाई करू नका.

जपान-अमेरिकेतली टीव्हीपद्धत एनटीएससी : सेकंदाला साधारण ६० चित्रं. आपली पॅल : ५०. मारिओची हालचाल, शत्रूंची चाल, संगीताची लय हे सगळं त्या चित्रांच्या मोजणीवर बांधलेलं आहे. पॅल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली मशीनवर तोच मूळचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवला, तर सेकंदाला ६० ऐवजी ५० पावलं पडतात. मूळ मशीनवर एका मिनिटात संपणारा भाग इथे ७२ सेकंद घेतो. अशा मशीनमधल्या प्रोसेसरचा वेग मात्र मूळच्या जवळपास ठेवलेला असायचा, त्यामुळे संगीताचा सूर साधारण तोच राहतो आणि लय तेवढी संथ होते.

म्हणजे त्या माणसाची आठवण बरोबर असू शकते! एम्युलेटर त्याला टोकियोतल्या मुलाचा मारिओ दाखवतोय, आणि तो खेळला होता सांगली-नांदेडमधला. हे सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. पण हे तपासता येतं. काही एम्युलेटर्समध्ये ‘डेंडी’ नावाचं सेटिंग असतं, ते लावून त्याच माणसाला परत विचारता येतं. गंमत बघा, डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकली मशीनचं नाव आहे. तिथल्या हौशी लोकांनी आपल्या नकली मशीनची इतकी नोंद केली की ते नाव सेटिंगमध्ये जाऊन बसलं. ‘लिटल मास्टर’ नावाचं सेटिंग कुठल्या एम्युलेटरमध्ये मला अजून दिसलेलं नाही.

फुंकरीच्या बाबतीत आठवण खरी होती, पण तिच्यातलं कारण चुकीचं होतं. वेगाच्या बाबतीत आठवण हाच पुरावा ठरू शकतो. त्यामुळे मुलाखतीतलं ‘तेव्हा असं नव्हतं’ हे वाक्य कचऱ्यात टाकायचं नाही आणि डोळे मिटून स्वीकारायचंही नाही.

३. कॉन्ट्रा

कोनामीचा हा गेम आधी १९८७ मध्ये आर्केडमध्ये आला, १९८८ मध्ये घरच्या मशीनवर. एक गोळी लागली की जीव गेला, इतका कठोर. म्हणूनच वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा ३० जीवांचा मंत्र पाठ असणाऱ्या मुलाला गल्लीत मान होता. माझ्या मते दोघांनी मिळून खेळायच्या त्या काळच्या गेम्समध्ये याच्या तोडीचे थोडेच आहेत. धबधब्याच्या लेव्हलमध्ये एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला भिडू खाली पडून मरतो. सहकार्य करायचं की पुढे पळायचं, हा प्रश्न गेम तुम्हाला बोलून दाखवत नाही. तो तुमच्या भावाशी भांडण लावून देतो. मधल्या तळांच्या, बोगद्यातल्या लेव्हल्स मात्र कंटाळवाण्या आहेत. आवडता गेम असला तरी हे लिहायला हवं.

आता संशोधनाचा प्रश्न : तुम्ही कोणता कॉन्ट्रा खेळलात? जपानी आवृत्तीच्या कॅसेटमध्ये एक जादा चिप होती. त्यामुळे पहिल्या लेव्हलमधली झाडं वाऱ्याने हलतात, बर्फाच्या लेव्हलमध्ये बर्फ उडताना दिसतो, लेव्हल्सच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकी आवृत्तीत हे नाही. युरोपात हाच गेम ‘प्रोबोटेक्टर’ नावाने गेला आणि तिथे माणसांच्या जागी यंत्रमानव आले. मग ‘कॉन्ट्रामधलं सैनिकाचं चित्रण’ असा विषय घेऊन युरोपीय आवृत्ती उघडलीत तर सगळा प्रबंधच कोसळेल!

मराठी वाचकाला हे समजावणं खरं तर सोपं आहे. आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्यातल्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर १९१९ ते १९६६ एवढा काळ काम केलं. पाठभेद म्हणजे काय, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. एखाद्या आख्खी कॅसेटभर बेकायदेशीर नकला असतील, तर त्या कोणत्या मूळ प्रतीवरून उतरल्या हे बघणं म्हणजे तीच पाठचिकित्सा. घरी जुनी कॅसेट सापडली तर पहिल्या लेव्हलमधली झाडं हलतात का, एवढं बघा.

४. डक हंट आणि बंदूक

१९८४ चा हा गेम तसा साधा. बदकं उडतात, आपण गोळी मारतो, नेम चुकला की कुत्रा गवतातून वर येऊन हसतो. तो कुत्राच या गेमचं सगळ्यात यशस्वी पात्र आहे. अपमान झाल्याची भावना तीन-चार चित्रांत उभी करणं सोपं नसतं. बाकी वीस मिनिटांत खेळ संपल्यासारखा वाटतो. कलाकृती म्हणून माझ्या यादीत हा सगळ्यात खाली.

तरीही ही वस्तू मी कुणाला देणार नाही, आणि कारण आहे बंदूक. आपल्याला वाटायचं, बंदुकीतून टीव्हीवर काहीतरी जातं. असतं उलटं. बंदूक उजेड बघते. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर नेम लागला. हे गणित जुन्या, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेलं आहे, कारण तिथे चित्र उमटायला उशीर लागत नाही. आजच्या एलसीडी टीव्हीवर कॅसेट, मशीन, बंदूक सगळं शाबूत असूनही एकही बदक पडत नाही.

यातून तुमच्या सिनॉप्सिससाठी एक प्रश्न : तुमच्या अभ्यासाच्या वस्तूची हद्द कुठे संपते? डक हंटचा प्रोग्रॅम जपला म्हणजे डक हंट जपला का? टीव्ही हाही गेमचाच भाग निघाला. तमाशावर काम करणाऱ्याने फक्त वगाची संहिता जपली, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. नेथन आल्टिस यांचं ‘आय ॲम एरर’ हे फॅमिकॉमवरचं २०१५ चं पुस्तक याच अंगाने जातं : यंत्राच्या मर्यादा समजल्याशिवाय गेमचा अर्थ लावू नका. सुरुवात करायला चांगलं आहे.

५. प्रिन्स ऑफ पर्शिया

शेवटची वस्तू म्हणजे एक फ्लॉपी. जॉर्डन मेकनर यांनी हा गेम १९८९ मध्ये ‘ॲपल टू’ कॉम्प्युटरसाठी केला. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये पोचली ती १९९० ची डॉस आवृत्ती. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून या राजपुत्राला वजन आहे. तो कड्याला लोंबकळतो तेव्हा आपले खांदे दुखतात. मारिओ पडला की हसू येतं, हा पडला की पोटात गोळा येतो. पुढे नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीत जागा उरली नाही, तेव्हा मेकनर यांनी राजपुत्राच्याच चित्रांवर थोडं गणित करून त्याची सावली तयार केली. गेममधला सगळ्यात लक्षात राहणारा शत्रू त्या अडचणीतून जन्मला.

डॉस आवृत्तीत पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली लागते. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, ती बाटली प्यायची. ही नकला रोखायची युक्ती होती. क्लासमध्ये फ्लॉपी पोचली, पुस्तिका पोचली नाही. चीटचा शब्दही आवृत्तीप्रमाणे बदलतो : १.० मध्ये ‘मेगाहिट’, १.३ आणि १.४ मध्ये ‘इम्प्रूव्ह्ड’. मुलाखतीत कुणाला कोणता शब्द आठवतो, त्यावरून त्याच्या क्लासमध्ये कोणती प्रत फिरत होती याचा अंदाज बांधता येतो.

पाचांपैकी कलाकृती म्हणून मला सगळ्यात श्रेष्ठ वाटतो तो हाच. पण याच्यावर लिहिणं सोपं का आहे, तेही बघा. मेकनर यांनी त्या वर्षांत डायरी लिहिली आणि ती प्रसिद्धही केली. हरवलेला मूळ प्रोग्रॅम २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना एका खोक्यात सापडला. जाणकारांनी फ्लॉप्या वाचून काढल्या आणि तो सगळ्यांसाठी खुला झाला. कर्त्याचं नाव आहे, तारखा आहेत, मसुदे आहेत. आता पिवळ्या कॅसेटकडे परत बघा. तिच्याकडे यातलं काहीच नाही. ज्याने डायरी लिहिली त्याच्यावर लेख होतात, त्यावर पुढचे लेख होतात आणि हळूहळू तोच इतिहास होऊन बसतो. त्यात मेकनर यांचा दोष नाही. आपण सोपं साधन निवडतो, हा प्रश्न आपला आहे.

मग करायचं काय?

अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. जुने गेम्स ग्रंथालयांनी संशोधकांना दूरस्थपणे वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. ही झाली नाव-गाव असलेल्या गेम्सची स्थिती. आपल्या बेनामी कॅसेटी तर त्या मोजणीत धरलेल्याच नाहीत. त्या माळ्यावर आहेत, भंगारात आहेत, आणि त्या विकणारे दुकानदार आता म्हातारे होत चाललेत.

म्हणून, या वाटेने काम करायचं असेल तर आजपासून करता येतील अशा गोष्टी. कॅसेट सापडली की साफ करायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लेबल फाटलेलं असेल तर तसंच राहू द्या. पिना मोजा. मेन्यू जसा आहे तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवून घ्या. ती कुठून, केव्हा, कितीला घेतली हे घरच्यांना विचारा, आणि ते आठवणीतून सांगतायत हेही शेजारी लिहा. दुकानदाराशी बोलायचं असेल तर आधी लेखी संमती घ्या. विषय नकली मालाचा आहे, त्यामुळे नाव न छापण्याचा शब्द द्यावा लागेल आणि तो पाळावाही लागेल.

मग एक वही घ्या आणि तीन रकाने आखा : वस्तू, कलाकृती, आठवण. तुमच्या आवडत्या पाच गोष्टी त्यात भरा. विषय गेम्सचा नसला तरी चालेल. प्रत्येकीबद्दल जे विधान करायचंय ते कोणत्या रकान्यात बसतं, ते बघा. दोन रकान्यांचं एकमेकांशी पटत नसेल, जसं संथ मारिओच्या बाबतीत झालं, तिथे खूण करा. सिनॉप्सिसचं पहिलं पान त्या खुणेपासून लिहायला घ्या.

आणि माझा आवडता गेम? खेळायला मारिओ, बघायला प्रिन्स. पण पुढच्या प्रकरणासाठी मी टेबलावर घेतलीय ती पिवळी कॅसेट. मेन्यूतले चाळीस गेम्स उतरवून झालेत, अजून बरेच बाकी आहेत.